रिकामा ट्रेलर आणि सोसाट्याचा वारा: नाशिकच्या रस्त्यांवर हलका ट्रेलर ओढताना

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाताना पिकअपमागच्या ट्रेलरवर चाळीस भरलेली कॅरेट असतात. वीस किलोच्या हिशेबाने माल ८०० किलो आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन साडेतीनशे-चारशे, म्हणजे मागे बाराशेच्या आसपास वजन. ते तीन थरांत मावतं आणि ट्रेलर जमिनीला धरून चालतो. परतताना तोच ट्रेलर रिकामा असतो, म्हणून त्यावर स्वतःची आणि शेजारपाजारच्यांची मिळून ९६ रिकामी कॅरेट सहा थरांत रचली जातात. "वजनच नाही, लाव अजून दोन थर." एक कॅरेट दीड-दोन किलोचं. सगळं धरून मागचं वजन आता साडेपाचशेच्या आसपास आहे आणि भिंत मात्र पावणेदोन मीटर उंच झाली आहे.

वाऱ्याच्या दृष्टीने धोका येण्याच्या फेरीत आहे. हलकं ओझं म्हणजे कमी काळजी, हा समज चढ, ब्रेक आणि डिझेल यांच्यापुरता बरोबर आहे, पण आडव्या वाऱ्यात तो उलटा पडतो. वारा वजनाला ढकलत नाही, तो पृष्ठभागाला ढकलतो. त्याच्या विरोधात ट्रेलरला जागेवर धरून ठेवणारं एकच असतं, ते म्हणजे ट्रेलरचं वजन. पृष्ठभाग मोठा आणि वजन थोडं हे वाऱ्यासाठी सगळ्यात सोयीचं गणित आहे. खाद्यपदार्थांचा पत्र्याचा ट्रेलर, मंडप किंवा साउंडच्या सामानाचा बंद ट्रेलर, रिकामी पाण्याची टाकी, शेडनेटचे गठ्ठे, कडबा ही सगळी त्याच जातीची ओझी.

वारा किती किलोने ढकलतो

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. हे एक नीट लक्षात घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

समजा, बंद ट्रेलरची बाजू ३ मीटर लांब आणि २ मीटर उंच आहे, म्हणजे ६ चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरचा वारा बरोबर बाजूवर आला, तर तो चौकोनी पेटीला साधारण ५५ किलोच्या जोराने ढकलतो. ६० च्या वाऱ्यात हा आकडा १२० किलोवर जातो आणि ८० च्या वाऱ्यात जवळपास २१७ किलोवर. चाळीसपासून ऐंशीपर्यंत वेग दुप्पट झाला, जोर चौपट.

आता उलटण्याचं गणित. ट्रेलरचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर वाऱ्याचा जोर सरासरी १.६ मीटर उंचीवर लागतो. पलीकडच्या चाकाला टेकू धरून वारा ट्रेलर पालथा घालू पाहतो. त्याला अडवतं ट्रेलरचं वजन, पण तेही दोन्ही चाकांमधल्या निम्म्या अंतरानेच. चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल तर पाऊण मीटर. रिकामा ट्रेलर ४०० किलोचा असेल, तर ४०० गुणिले ०.७५ म्हणजे ३००. वाऱ्याचा जोर गुणिले १.६ ही संख्या ३०० च्या वर गेली की अलीकडचं चाक उचललं जातं. आकडे मांडले तर हे साधारण ७४ किलोमीटरच्या आडव्या झोताला घडतं. त्याच ट्रेलरच्या तळाशी २०० किलो वजन ठेवलं, तर तीच मर्यादा ९० च्या थोडी वर जाते.

पण हा हिशेब सपाट रस्त्यावरच्या, पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) कडक असलेल्या आणि सरळ उभ्या ट्रेलरचा आहे. खरा रस्ता तसा नसतो. साइडपट्टीवर एका बाजूचं चाक १३ सेंटिमीटर खाली उतरलं, तर ट्रेलर पाच अंशांनी कलतो आणि पाऊण मीटरच्या टेकूतले जवळपास १० सेंटिमीटर गायब होतात. वळणावर गाडीचा वेग ट्रेलरला बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि वाराही त्याच बाजूला वाहत असेल, तर दोन्ही जोर एकत्र येतात. मऊ पाट्यांवर पेटी आधीच झुकलेली असते. म्हणून ७४ चा आकडा "तिथपर्यंत चालतं" असा वाचू नये. त्याच्या बऱ्याच खाली, चाळीस-पन्नासच्या झोतांतच ट्रेलर लेन सोडायला आणि शेपूट हलवायला लागतो.

आणि एक गैरसमज. पुढची गाडी दीड टनाची आहे, ती ट्रेलरला धरून ठेवेल असं वाटतं. बॉलच्या हुकाला ट्रेलर एका बाजूला कलण्यापासून अडवता येत नाही, तो सांधाच तसा मोकळा असतो. ट्रेलर उलटायला लागला की गाडीचं वजन त्याच्या फारसं उपयोगी पडत नाही. उलट हूक पिळवटून गाडीचं मागचं टोकही उचललं जाऊ शकतं.

गाडीचा वेगही वाऱ्यात भर घालतो

वारा निसर्गाचा आहे, त्यावर आपला काय इलाज, असं म्हणून लोक वेग तसाच ठेवतात. इथे चूक होते. ट्रेलरच्या भिंतीला फक्त आडवा वारा लागत नाही. गाडीच्या वेगाने समोरून येणारी हवा आणि आडवा वारा दोन्ही मिळून तिरका, जास्त वेगाचा प्रवाह तयार होतो आणि त्यामुळे आडवा जोरही वाढतो.

मघाचाच ट्रेलर घ्या. ५० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात तो उभा असेल तर त्याला साधारण ८५ किलोचा जोर लागतो. तीसच्या वेगाने चालवला तर सुमारे १००. पन्नासने चालवला तर १२०. सत्तरने चालवला तर १४५ च्या पुढे. वारा तोच, ट्रेलर तोच, फरक फक्त उजव्या पायाचा. शिवाय हेलकावे विझवण्याची ट्रेलरची स्वतःची ताकद वेग वाढेल तशी कमी होत जाते. एका ठरावीक वेगाच्या पुढे तो हेलकावा विझतच नाही, वाढत जातो. हा वेग प्रत्येक ट्रेलरचा आणि प्रत्येक भरणीचा वेगळा असतो, म्हणून "काल याच ट्रेलरने ऐंशी मारले होते" या वाक्याला अर्थ नाही. काल भरणी वेगळी होती.

आमच्या मते रिकाम्या किंवा उंच-हलक्या ट्रेलरसाठी हा हिशेब धरावा: ३० ते ४० च्या वाऱ्यात गाडी पन्नासच्या आत. ४० ते ५० च्या वाऱ्यात चाळीसच्या आत, आणि थांबायला जागा शोधायला लागायचं. पन्नासच्या पुढे वारा असेल, तर निघायचंच नाही. उशीर झाला तर बाजार उद्याही भरतो.

वाऱ्याचा वेग रस्त्यावर कसा ओळखायचा? झाडं बघायची. पालवी असलेली लहान झाडं पूर्ण डोलायला लागली की वारा तीसच्या वर आहे. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात, छत्री धरवत नाही, म्हणजे ४० ते ५०. अख्खं झाड वाकतंय आणि वाऱ्याच्या समोर चालताना अंग पुढे झुकवावं लागतंय, म्हणजे ५० ते ६०. बारक्या फांद्या मोडून रस्त्यावर पडायला लागल्या, तर साठच्या वर गेला. हवामान विभागाच्या इशाऱ्यात "ताशी ४० ते ५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा" असं लिहिलेलं असतं, तो आकडा नीट वाचावा. नुसता पिवळा की केशरी एवढाच रंग बघून पुढे जाऊ नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं. ते विजेसाठी असलं, तरी वळवाचा ढग जवळ आला आहे हे कळायला त्याचा चांगला उपयोग होतो.

नाशिकला वारा कुठे आणि कधी गाठतो

दोन ऋतू, दोन स्वभाव. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत वळीव किंवा अवकाळी. दुपारी तीननंतर ढग उभा राहतो, आधी धुळीची भिंत दिसते, मग अचानक झोत येतो. हा वारा थोडा वेळच असतो, पण दिशा बदलतो. पाच मिनिटांपूर्वी समोरून येणारा वारा डाव्या बाजूने आदळतो. द्राक्षाची शेवटची खोकी आणि उन्हाळी कांद्याच्या रिकाम्या ट्रॉल्या याच दिवसांत रस्त्यावर असतात. सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत परत, हा या दिवसांतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

जून ते सप्टेंबरचा वारा वेगळा. तो पश्चिमेकडून येतो, तासन्‌तास एकाच दिशेने वाहतो आणि सह्याद्रीच्या खिंडीत दाबून आल्यासारखा येतो. कसारा चढून इगतपुरीला आलं की तो थेट लागतो, घोटीच्या मोकळ्या पठारावर तर आडोसाच नाही. याच वाऱ्यात रस्त्याच्या दिशेवर बरंच काही ठरतं. नाशिकहून पुण्याकडे निघालात तर रस्ता दक्षिणेकडे जातो, म्हणजे पश्चिमेचा वारा उजव्या भिंतीवर सरळ आडवा बसतो. सिन्नरच्या पुढे मोकळ्या माळावर आणि संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाटात हे प्रकर्षाने जाणवतं. मुंबईकडे जाताना तो उजवीकडून तिरका, समोरून येतो. त्याने वेग कमी होतो, पण ढकलण्याचा जोर पुणे रस्त्यापेक्षा कमी. चांदवड-मालेगावकडे जाताना तो डावीकडून, मागून येतो. तिथे ट्रेलर हलका हलका वाटतो, वेग कधी वाढला ते कळत नाही आणि राहुड घाटाच्या उतारावर ते अंगाशी येतं.

सगळ्यात वाईट जागा मात्र आडोसा संपतो त्या. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे आणि दरीवरचे उंच पूलही आहेत. बोगद्यात वाऱ्याचा मागमूस नसतो, गाडी एका वेगाला बसलेली असते, हात सैल पडलेले असतात. बाहेर पडलं की पावसाळ्यात एकदम भिंत आदळल्यासारखा वारा लागतो. त्यामुळे बोगद्याचं तोंड दिसायला लागलं की आतच वेग चाळीस-पन्नासवर आणावा, बाहेर आल्यावर नाही. डोंगर कापून काढलेला रस्ता जिथे संपतो तिथे, शहरातल्या लांब उड्डाणपुलावर, गोदावरीच्या पुलांवर, उसाचा फड संपून मोकळं रान सुरू होतं तिथेही हाच प्रकार, फक्त थोडा कमी.

भरणी: वजन कुठे ठेवायचं

ट्रेलर हेलकावे खातो की सरळ चालतो, हे चालकाच्या हातांपेक्षा भरणीवर जास्त ठरतं. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, दांडीवरचं वजन. भरलेल्या ट्रेलरचं पुढचं टोक हुकावर किती किलोने टेकतं, ते. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. आपल्याकडच्या एका एक्सलच्या हलक्या ट्रेलरला दहाच्या आसपास ठेवावं. ६०० किलोचा भरलेला ट्रेलर असेल तर हुकावर ६० किलो. हुकाच्या पट्टीवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं, ते ओलांडायचं नाही. वजन मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि हुकाची जी उंची असते त्याच उंचीवर दांडी ठोकळ्यावर टेकवायची. दांडी वर किंवा खाली असेल तर आकडा चुकतो. ट्रेलर समोरून उचलला जात असेल, म्हणजे काटा शून्याजवळ असेल, तर तो ट्रेलर अजिबात काढू नये. मागे जड असलेला ट्रेलर म्हणजे दोरीला बांधलेला लंबक. पहिल्या झोताने मागचं टोक एका बाजूला गेलं की ते हुकाला उलट बाजूला ओढतं, हूक गाडीच्या मागच्या टोकाला ओढतं आणि चालक स्टिअरिंग फिरवून त्यात भर घालतो.

फार पुढे भरलं तरी बिघडतं. पिकअप मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड घेत नाही. जीपसारख्या आखूड गाडीला हे लवकर होतं.

दुसरी, जड सामान एक्सलच्या वर आणि तळाशी. एकाच वजनाच्या दोन भरण्यांमध्ये ज्यात जड वस्तू दोन टोकांना आहेत ती जास्त डुलते. खाद्यपदार्थांच्या ट्रेलरमध्ये गॅसची टाकी, फ्रीज आणि जनरेटर मागच्या कोपऱ्यात ठेवायची सवय असते. प्रवासात ते मधे आणावं, बांधावं, मुक्कामी पोचल्यावर परत जागेवर ठेवावं. कटकटीचं आहे, पण त्याने फरक पडतो.

रिकाम्या ट्रेलरला वजन घालायचं असेल, तर वाळूच्या गोण्या उत्तम. त्या तळावर, एक्सलच्या किंचित पुढे, पट्ट्याने बांधून ठेवायच्या. मोकळ्या ठेवल्या तर पहिल्याच वळणात एका बाजूला जमतात. ट्रेलरच्या आणि गाडीच्या नोंदलेल्या क्षमतेत बसेल एवढंच वजन घालावं. पाण्याची टाकी अर्धी भरून वजन साधायचा प्रयत्न मात्र करू नये. अर्ध्या टाकीतलं पाणी वाऱ्याच्या झोताबरोबर एका बाजूला धावतं आणि हेलकावा वाढवतं. टाकी काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी. हजार लिटर म्हणजे एक टन, तेवढं पेलण्याचा ट्रेलर नसेल तर रिकामीच, आणि मग ती दोन ठिकाणी पट्टे टाकून खाली दाबून बांधलेली.

ताडपत्रीबद्दल स्पष्ट सांगायचं तर, रिकाम्या कॅरेटवर ती टाकू नये. कॅरेटला भोकं असतात, थोडा वारा त्यातून निघून जातो. ताडपत्रीने तीच रास सलग भिंत होते, आणि ताडपत्री सैल असेल तर फुगून शिडासारखी ओढ देते. त्याऐवजी नायलॉनची जाळी टाकावी आणि वरून किमान तीन आडवे रॅचेट पट्टे आवळावेत. त्यातला एक पुढच्या कडेला आणि एक मागच्या कडेला. सुतळी पावसात भिजून आवळते आणि वाळून सैल होते, तिच्यावर विसंबू नये. आणि थर चारच ठेवावेत. ९६ कॅरेट नेण्यासाठी एक फेरी जास्त करावी लागली तर करावी.

निघण्याआधी दहा मिनिटं

हुकाचा बॉल आणि त्यावर बसणारी वाटी यांच्यात झीज किती आहे ते बघा. ट्रेलरची दांडी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवली आणि खडखड आवाज आला, तर तेवढ्या झिजेत हेलकावा जन्म घेतो. कुलपाची पिन आरपार आणि तिला आर-क्लिप. तारेचा तुकडा नाही. सेफ्टी चेन दोन असाव्यात आणि दांडीखाली एकमेकींना आडव्या, फुलीसारख्या लावाव्यात. हूक निसटलाच तर दांडी त्या फुलीत झेलली जाते, रस्त्यात रुतत नाही.

टायरची हवा वाऱ्यासाठी फार महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. कमी हवेच्या टायरची भिंत आडवी लवते, ट्रेलर रबरावर डुलतो. टायरच्या भिंतीवर जो जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, भरलेल्या ट्रेलरला त्याच्या जवळची हवा भरावी, आणि थंड टायरमध्ये मोजावी. दोन्ही चाकांत सारखी. जॅकवर चाक उचलून वरून-खालून हलवा, हललं तर बेअरिंग सैल आहे. पाट्यांचे यू-बोल्ट हाताने नाही, पान्याने तपासा. मागचे दिवे आणि दारांच्या कड्या बघा. वाऱ्यात उघडलेलं मागचं दार बिजागरीसकट जातं.

रस्त्यावर

स्टिअरिंगवर दोन्ही हात, आरशात ट्रेलरची मागची कड सतत. एखादा झोत आला की स्टिअरिंग थोडं वाऱ्याच्या बाजूला धरावं लागतं. इथेच एक सापळा आहे. उजवीकडून वारा येतोय, तुम्ही स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून चालला आहात आणि उजवीकडून एक कंटेनर ओव्हरटेक करायला लागला. आधी त्याच्या तोंडापुढची हवा तुम्हाला डावीकडे लोटते. मग तो बरोबरीला येतो आणि वारा अडवतो. स्टिअरिंग अजून उजवीकडेच आहे, अडवणारा वारा नाही, गाडी कंटेनरकडे झुकते. तो पुढे गेला की वारा पुन्हा आदळतो, आता डावीकडे. या तीन धक्क्यांत ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. उपाय एवढाच: आरशात मोठं वाहन दिसलं की आधीच वेग कमी करा, डाव्या लेनमध्ये डावीकडे सरका आणि तो बरोबरीला येताना स्टिअरिंग सैल सोडून सरळ होऊ द्या. स्वतः कंटेनरला ओव्हरटेक करायला जाऊ नका, त्यात हे सगळं जास्त वेळ चालतं.

हेलकावा सुरू झालाच तर हात आणि पाय जे करायला धावतात त्याच्या उलट करायचं असतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळू उचला, झटक्यात नाही. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. ट्रेलर डावीकडे गेला म्हणून उजवीकडे, मग डावीकडे असं फिरवत बसू नका, कारण तुमची प्रतिक्रिया नेहमी अर्ध्या हेलकाव्याने उशिरा पोचते आणि हेलकाव्याला नवा धक्का देते. ब्रेकला पाय लावू नका. हलक्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. गाडी थांबते, ट्रेलर मागून येतच राहतो, वाकडा असताना हुकाला बाजूने दाबतो आणि गाडीसकट घडी पडते. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील, तर फक्त तेच हळू लावावेत, त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. आणि "वेग वाढवला की सरळ येतो" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. क्षणभर तो सरळ येतोही, पण मग वेग जास्त आणि पुढचा झोत तसाच. तीसच्या खाली आल्यावर हेलकावा विझला की पुढच्या सुरक्षित जागी थांबून भरणी बघा. तो परत येणार आहे, कारण त्याचं कारण मागेच बसलेलं आहे.

घाट उतरताना हे सगळं अवघड होतं, कारण उतारावर ट्रेलर गाडीला ढकलत असतो. माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या ब्रेकवर उतरावं. उतारात मधेच गिअर शोधू नये.

ट्रॅक्टर-ट्रॉली थोडी वेगळी आहे. पंचवीसच्या वेगात हेलकाव्याचा प्रश्न फारसा येत नाही, उलटण्याचा येतो. कडब्याची ट्रॉली ही त्यातली सगळ्यात वाईट भरणी: बाजूच्या फळ्यांच्या बाहेर पसरलेली, दोन माणसं उंच आणि आकाराच्या मानाने पोकळ. पाणंदीवर एका बाजूचं चाक चाकोरीत उतरलं की ती आधीच कललेली असते. आडवा वारा असेल तर रास फळ्यांच्या एक-दीड फूट वरच थांबवावी, दोर दोन्ही बाजूंनी खाली ताणावेत आणि राशीवर माणूस बसू देऊ नये. हायड्रॉलिकची ट्रॉली आडव्या वाऱ्यात उचलून रिकामी करायची असेल, तर आधी ट्रॅक्टर वाऱ्याच्या तोंडाला वळवून घ्यावा. वर उचललेली पेटी बाजूने आलेल्या झोताला सगळ्यात कमकुवत असते.

थांबायचं कुठे

पक्क्या इमारतीच्या आडोशाला, इमारतीपासून थोडं अंतर ठेवून. झाडाखाली नाही. नाशिकच्या रस्त्यांकडेला असलेली निलगिरी आणि गुलमोहर वळवात मोडतात. विजेच्या तारांखाली नाही. आणि मोठ्या होर्डिंगच्या पडण्याच्या टप्प्यात तर मुळीच नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. पंपाचं छप्पर आडोशासारखं दिसतं, पण ते वाऱ्यासाठी उचलायला सोपं असतं.

जागा मिळाली की ट्रेलर असा लावा की त्याचं तोंड वाऱ्याकडे, म्हणजे लहान बाजू वाऱ्याला आणि मोठी भिंत वाऱ्याच्या दिशेने समांतर. गाडी हुकावरून काढू नका. हँडब्रेक, दोन्ही चाकांना दोन्हीकडून ठोकळे, ट्रेलरला टेकूचे पाय असतील तर ते चारही खाली. खिडकीवरचं छज्जा-पाखं असेल तर ते बंद आणि बांधलेलं. ट्रेलरच्या आत कुणीही बसू नये, आडोसा म्हणूनसुद्धा नाही. वीज कडकडत असेल तर गाडीच्या बंद केबिनमध्ये बसावं.

वारा पडल्यावर लगेच निघू नका. वळवाच्या पहिल्या झोतानंतर बहुतेक वेळा दुसरा येतो, उलट दिशेने. अर्धा तास जाऊ द्या. मग पट्टे पुन्हा आवळा, कारण भिजलेला आणि झोतात ताणलेला पट्टा सैल झालेला असतो. वाळूच्या गोण्या जागेवर आहेत का बघा, बॉल आणि पिन हलवून बघा, आणि चाकांखालचे ठोकळे गाडीत टाकल्याची खात्री करूनच गिअर टाका.